फोनवरची पाळत, दहशतवादविरोधी कायदे आणि नागरिकाचे हक्क

आपण अंबाजोगाईहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दहशतवादी कट वेळीच उधळायचे असतील तर फोन ऐकण्याचे, संदेश वाचण्याचे आणि माणसांच्या हालचालींची माहिती जमवण्याचे अधिकार पोलिसांना हवेतच. मग ज्याने काही केलेले नाही त्याने त्यांची धास्ती का घ्यावी? आणि उद्या आपल्याच महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याचा फोन दहशतवादविरोधी पथकाने ताब्यात घेतला, तर कायद्याने त्याच्या हाती नेमके काय उरते? छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात आणि मराठवाड्यातील जिल्हा न्यायालयांत मी आधी सरकार पक्षाची आणि पुढे बचाव पक्षाची कामे केली आहेत, त्यामुळे हे कागद दोन्ही बाजूंनी हाताळलेले आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो. पाळतीचे अधिकार असले पाहिजेत. आपल्या कायद्यातील खरा दोष त्या अधिकारांच्या व्याप्तीत कमी आहे आणि ते वापरल्यानंतर सरकारबाहेरचे कोणी त्या कागदांकडे पाहते की नाही, यात अधिक आहे.

अधिकार का हवेत, याचे उत्तर मराठवाड्याला लांब जाऊन शोधावे लागत नाही. मे २००६ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड मार्गावर गाड्यांचा पाठलाग करून आरडीएक्स, एके-४७ रायफली आणि काडतुसे पकडली. हेच पुढे औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण म्हणून ओळखले गेले. आधी हाती आलेल्या माहितीशिवाय ती कारवाई झाली नसती, आणि तो साठा ठिकाणी पोहोचला असता तर काय झाले असते, याची कल्पना करण्यासाठी फार बुद्धी लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात हल्लेखोर आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषण हल्ला चालू असतानाच ऐकले जात होते. कट कोठे शिजला हे दाखवणारा तो पुढे खटल्यातील महत्त्वाचा पुरावा ठरला. पाळत म्हणजे मुळातच दडपशाही, असे मानणाऱ्या मित्रांशी म्हणूनच माझे कधी जमले नाही.

परंतु याच प्रदेशातील दुसरी नोंदही त्याच प्रामाणिकपणाने वाचावी लागते. ऑगस्ट २०१२ मध्ये नांदेडहून अटक झालेले दोन जण जून २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले; त्याच खटल्यातील इतरांना मात्र शिक्षा झाली. शेजारच्या मालेगावात सप्टेंबर २००६ मध्ये झालेल्या स्फोटांप्रकरणी प्रथम पकडलेल्या नऊ जणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. एप्रिल २००६ मध्ये नांदेडमध्ये एका घरात बॉम्ब फुटून दोघे मेले, त्या खटल्यातील आरोपी जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष ठरले. या तिन्ही प्रकरणांत आरोपींचा धर्म आणि राजकारण एकच नाही. तिन्हींत समान आहे तो काळ. नऊ, दहा, अठरा वर्षांनी निकाल लागतो तेव्हा निर्दोष माणसाचे तारुण्य गेलेले असते आणि मृतांच्या नातेवाइकांना खरा गुन्हेगार कोण हेही कळलेले नसते. ‘ज्याने काही केले नाही त्याला भीती कशाची’ या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हेच आहे. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम ४३ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाकारावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालाने या टप्प्यावर पुराव्याची खोलवर छाननी करण्याचा मार्ग जवळजवळ बंद केला, आणि खटला अतोनात रेंगाळला तर घटनात्मक (उच्च किंवा सर्वोच्च) न्यायालय जामीन देऊ शकते हा दिलासा २०२१ च्या नजीब निकालाने दिला. अशा कायद्यात एखादे ऐकलेले संभाषण किंवा एका टॉवरखाली सापडलेला क्रमांक पुढे सिद्ध होवो न होवो, जामीन अडवण्याइतके काम तो पहिल्याच दिवशी करून जातो. इतर गुन्ह्यांत ढिलाईने गोळा केलेली माहिती खटल्यात गळून पडते आणि फारसे नुकसान होत नाही. येथे ती गळून पडेपर्यंतचा काळ हीच शिक्षा असते.

आता अधिकार येतात कोठून ते पाहू. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाचे कलम ५(२) हे दीर्घकाळ या विषयाचे मूळ होते. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, तरच देशाची अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणे या कारणांसाठी संदेश अडवता येई. हे दुहेरी कुंपण आहे आणि बहुतेक आदेशांत पहिल्या कुंपणाचा विसर पडलेला आढळतो. या अधिकाराला कार्यपद्धतीच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात दाखवून दिले आणि गृह सचिवांचाच आदेश हवा, तो ठरावीक मुदतीचा हवा, त्याचे पुनर्विलोकन व्हावे, अशी बंधने घातली. तीच पुढे २००७ मध्ये तार नियमावलीच्या नियम ४१९अ मध्ये उतरली. आता १८८५ च्या त्या कलमाची जागा दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २०(२) ने घेतली असून ६ डिसेंबर २०२४ च्या नियमांनी नियम ४१९अ ची जागा घेतली आहे. साचा मात्र तोच आहे. राज्यात गृह सचिव आदेश देतात; तातडीच्या प्रसंगी महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी देऊ शकतो; आदेश साठ दिवसांचा, आणि मुदतवाढ धरून एकूण एकशे ऐंशी दिवसांच्या पलीकडे नाही. नव्या नियमांतील एक गोष्ट मात्र चांगली आहे. तातडीच्या आदेशाला सात कामकाजाच्या दिवसांत मान्यता मिळाली नाही तर ऐकणे तत्काळ थांबते आणि तोपर्यंत हाती आलेला मजकूर न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही.

या साच्यात तपासणी कोण करते? राज्य पातळीवर मुख्य सचिव अध्यक्ष, विधी विभागाचे सचिव आणि गृह सोडून अन्य विभागाचे एक सचिव, अशी तिघांची पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा बसते. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि दोन सचिव असतात. म्हणजे मंत्रालयातील एका सचिवाने काढलेला आदेश योग्य होता की नाही, हे त्याच मंत्रालयातील तीन सचिव ठरवतात. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या आपल्या अहवालात माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांच्या आधारे असे नोंदवले की, केंद्रीय समितीसमोर प्रत्येक बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश तपासण्याचे अशक्य काम असते. तीन कर्तव्यदक्ष, अभ्यासू सचिव बसवले तरी एका बैठकीत त्यांनी इतके आदेश वाचले, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. यात अधिकाऱ्यांच्या नीतिमत्तेचा प्रश्न येत नाही. प्रश्न साध्या अंकगणिताचा आहे, आणि या विषयावरील चर्चेत तो फारच कमी वेळा मांडला जातो.

संगणकीय माध्यमांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ वेगळे आहे आणि ते अधिक सैल आहे. त्यात सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षिततेचे पहिले कुंपणच नाही, आणि ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हे कारणही पुरते. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने दहा यंत्रणांना या कलमाखाली अधिकृत केले. आज माणसाचे खासगी आयुष्य फोनवरील बोलण्यापेक्षा त्याच्या साठवलेल्या संदेशांत आणि छायाचित्रांत जास्त असते. अशा वेळी जुन्या माध्यमाला दोन कुंपणे आणि नव्याला एकच, हे तर्काला धरून नाही. ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यावर घाला घालणाऱ्या कृतीस कायद्याचा आधार हवा, उद्दिष्ट वैध हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी घालून दिली. त्यानंतर कलम ६९ ची नव्याने मांडणी व्हायला हवी होती, ती झालेली नाही.

येथे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा आठवावा असे मला वाटते, कारण या वादात त्याचा उल्लेख क्वचितच होतो. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९, म्हणजे मोक्का, हा कठोर कायदा म्हणून प्रसिद्ध आहे आणि ती प्रसिद्धी त्याने कमावलेली आहे. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणही मोक्काखालीच चालले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, पण मोक्काचे आरोप टिकले नाहीत. याच कायद्यातील कलम १३ ते १६ मध्ये संभाषण ऐकण्याची पद्धत मात्र बारकाईने लिहिलेली आहे. अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने लेखी अर्ज करायचा, त्यात गुन्ह्याचा तपशील द्यायचा आणि तपासाचे इतर मार्ग वापरून पाहिले का, ते का अपुरे पडले, हेही सांगायचे. तातडीने परवानगी दिली गेली असेल तर अठ्ठेचाळीस तासांत रीतसर अर्ज करायचा. आदेशाची आणि अर्जाची प्रत सुनावणीपूर्वी किमान दहा दिवस आरोपीला द्यायची. आणि कलम २७ नुसार अशा अर्जांचा वार्षिक अहवाल विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांसमोर ठेवायचा. मुंबई उच्च न्यायालयाने ही संभाषण ऐकण्याची कलमे राज्याच्या अधिकारकक्षेबाहेरची म्हणून रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये भरत शांतीलाल शहा प्रकरणात ती पुन्हा वैध ठरवली, आणि त्या निकालात या संरक्षक तरतुदींना महत्त्व होते.

केंद्रात नेमके उलटे घडले. २००२ च्या पोटा या दहशतवाद प्रतिबंधक कायद्यात संभाषण ऐकण्यावर स्वतंत्र प्रकरण होते. त्यात सक्षम प्राधिकारी, पुनर्विलोकन आणि संसदेसमोर वार्षिक अहवाल या तरतुदी होत्या. २००४ मध्ये पोटा रद्द झाला तेव्हा लोकशाहीवाद्यांनी पेढे वाटले आणि त्याच वर्षी दुरुस्तीने यूएपीएत कलम ४६ आले. ऐकलेले संभाषण पुरावा म्हणून ग्राह्य धरण्याची सोय त्यात आहे, आरोपीला आदेशाची प्रत दहा दिवस आधी देण्याची अटही आहे (न्यायाधीश ती मुदत माफ करू शकतात), पण पोटातील ती बाकीची चौकट आली नाही. बदनाम झालेला कायदा गेला आणि जाताना त्याच्यातील चांगले तेवढे घेऊन गेला. पुढे २००८ मध्ये मुंबई हल्ल्यानंतर कोठडीची मुदत आणि जामिनाच्या अटी यूएपीएत परत आल्या. संसदेला अहवाल देण्याची अट परतली नाही. म्हणून संरक्षक तरतुदी आणल्या तर दहशतवादाचा तपास अशक्य होईल, असे कोणी म्हटले की मी मोक्काचे कलम २७ पुढे ठेवतो. सव्वीस-सत्तावीस वर्षे ते कायद्यात आहे आणि त्यापायी एखादा तपास अडला, असा युक्तिवाद सरकार पक्षाकडून माझ्या ऐकण्यात आलेला नाही.

नियम मोडून ऐकले तर काय होते, हा पुढचा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९७२ च्या आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालापासून आपल्याकडे असे मानले गेले की पुरावा कसा मिळवला हे गौण, तो प्रस्तुत असला की पुरे. संसद हल्ल्याच्या खटल्यातही २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संभाषण ऐकण्याच्या पद्धतीतील उणिवांमुळे पुरावा बाद होत नाही, असेच म्हटले. याचा व्यवहारातील अर्थ असा की, आदेश उशिरा निघाला, कारणे लिहिलीच नाहीत, समितीपुढे कागद गेलाच नाही, तरी सरकार पक्षाचे काहीच नुकसान होत नाही. मग पुढच्या वेळी काळजी कोण घेईल? ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार प्रकरणात वेगळी दिशा धरली. लाचखोरीच्या तपासात काढलेले तीन आदेश सार्वजनिक सुरक्षिततेच्या कसोटीला उतरत नाहीत म्हणून न्यायालयाने ते रद्द केले आणि ऐकलेले संभाषण नष्ट करण्याचा हुकूम दिला. पुट्टस्वामीनंतर मलकानीचा जुना नियम तसाच चालू शकत नाही, हा त्यामागचा विचार मला पटतो. देशभर मात्र एकमत नाही: २०२५ च्या जून-जुलैमध्ये अवघ्या आठवड्याभराच्या अंतराने दिल्ली उच्च न्यायालयाने भ्रष्टाचाराच्या प्रकरणातील असे आदेश टिकवले आणि मद्रास उच्च न्यायालयाने तसाच आदेश रद्द केला. दहशतवादाच्या खटल्यात सार्वजनिक सुरक्षिततेची कसोटी सहज पुरी होते, त्यामुळे तेथे भांडण व्याप्तीचे नसून कागदांच्या खरेपणाचे असते: आदेश कधीचा, कोणाच्या सहीचा, समितीने तो पाहिला का, आणि रद्द झाल्यावर ऐकणे थांबले का.

आतापर्यंत बोलण्यातील मजकुराबद्दल लिहिले. परंतु मराठवाड्यातील सामान्य माणूस या यंत्रणेच्या संपर्कात येतो तो मजकुरामुळे नाही, तर सीडीआर आणि टॉवर डम्पमुळे. कोणी कोणाला केव्हा किती वेळ फोन केला आणि त्या वेळी फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता, ही नोंद म्हणजे सीडीआर. आणि एका टॉवरखाली ठरावीक वेळेत आलेल्या सगळ्या क्रमांकांची यादी म्हणजे टॉवर डम्प. उरुसाच्या दिवशी खुलताबादचा किंवा नवरात्रात तुळजापूरचा टॉवर डम्प काढला तर त्यात किती हजार माणसे येतील, त्याचा अंदाज आपणच करा. यासाठी गृह सचिवांचा आदेश लागत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ९१, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ९४, याखाली पोलीस ही नोंद मागवतात. २०१३ मध्ये दिल्लीत एका ज्येष्ठ राजकीय नेत्याचे सीडीआर बेकायदा काढल्याचे उघड झाल्यावर अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मान्यता असावी अशा सूचना निघाल्या, पण त्या प्रशासकीय आहेत. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी साखळी उघडकीस आणली, तेव्हा ग्राहकांत खासगी गुप्तहेर होते. ज्या माहितीला कायद्याचे कुलूप नाही ती बाजारात येणारच. मजकुरापेक्षा ही नोंद निरुपद्रवी, हा समजही आता टिकत नाही: सहा महिन्यांच्या सीडीआरवरून माणसाचा डॉक्टर, सावकार, प्रार्थनास्थळ आणि कौटुंबिक भांडणे सगळे वाचता येते, आणि त्यासाठी त्याचा एकही शब्द ऐकावा लागत नाही.

या नोंदीची दुसरी बाजू बचावाच्या वकिलाने विसरू नये. तीच नोंद निर्दोष माणसाला सोडवूही शकते, फक्त ती जिवंत राहिली पाहिजे. ११ जुलै २००६ च्या मुंबई रेल्वे स्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही आरोपींना निर्दोष ठरवताना सीडीआर न्यायालयासमोर न आणल्याबद्दल तपास यंत्रणेला दोष दिला. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात सांगितले आहे, हेही नोंदवले पाहिजे. यावरचा उपाय मात्र आपल्या जालन्यातून आला. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीच्या याचिकेत उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितीवरून ठरवायचे होते. येथील खंडपीठात चाललेले ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या १४ जुलै २०२० च्या निकालाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पक्के केले. त्याच निकालात न्यायालयाने दूरसंचार कंपन्यांना असा सर्वसाधारण निर्देश दिला की तपासात एखाद्या काळातील सीडीआर जप्त झाले तर त्या काळाची नोंद त्यांनी वेगळी आणि सुरक्षित ठेवावी, म्हणजे बचाव पक्षालाही ती मागवता येईल. निवडणुकीच्या तंट्यातून निघालेला हा निर्देश दहशतवादाच्या खटल्यातील आरोपीला अनेक भाषणांपेक्षा जास्त उपयोगाचा आहे, आणि आमच्याच भागातील तरुण वकिलांना तो माहीत नसतो, याचे वाईट वाटते.

अधिकार एकदा दिले की ते दिलेल्या कारणापुरते राहत नाहीत, हे मराठवाड्याला कोणी वेगळे शिकवायला नको. निजामाच्या आसफजाही राजवटीत गश्ती (परिपत्रक) क्रमांक ५३ ने सभा घेण्यासाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली होती आणि १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली. आजचे राज्य लोकशाहीचे आहे, त्याची तुलना निजामाच्या राज्याशी करणे अन्यायाचे होईल. पण लोकशाहीतही मोह तोच असतो. महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींचे फोन भलत्याच नावांखाली, अमली पदार्थांच्या तपासाचे कारण दाखवून ऐकले गेले, असे आरोप झाले, गुन्हे नोंदले गेले आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयात ते रद्दही झाले. आरोप खरे होते की खोटे, हे आपल्याला कळण्याचा मार्गच या व्यवस्थेत नाही, हा माझा मुद्दा आहे. पेगासस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या प्रणालीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. तपासलेल्या २९ पैकी ५ फोनमध्ये घातक प्रणाली सापडली, ती पेगाससच होती असे ठरले नाही, आणि केंद्र सरकारने सहकार्य केले नाही असे समितीने सांगितल्याचे न्यायालयात नोंदले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीची ही स्थिती असेल तर परळीच्या किंवा सेलूच्या माणसाने कोठे जायचे?

यावर न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हा उपाय सगळेच सुचवतात. ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताचीही मान्यता लागते आणि तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. हे चांगले आहे, पण मी त्यावर पूर्ण भिस्त ठेवणार नाही. पोलीस कोठडीचे अर्ज आपल्याकडे किती झटपट मंजूर होतात, ते ज्याने रिमांडच्या वेळी न्यायालयात उभे राहून पाहिले आहे, त्याला सहीची सवय न्यायाधीशालाही लागते हे ठाऊक असते. मला अधिक गरजेच्या वाटतात त्या तीन गोष्टी नंतरच्या आहेत. पुनर्विलोकन समितीत उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असावेत आणि तिला स्वतःचे कर्मचारी असावेत. पाळत संपून ठरावीक काळ गेल्यावर, तपासाला बाधा येत नसेल तर, त्या व्यक्तीला तसे कळवावे. आणि नियम मोडून मिळवलेला मजकूर किमान जामिनाच्या टप्प्यावर तरी आरोपीविरुद्ध वापरता येऊ नये. या तिन्हींपैकी एकीनेही २००६ चा तो पाठलाग थांबला नसता.

आता आपल्या विद्यार्थ्याविषयी. साक्षीदार म्हणून बोलवायचे असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची आणि संशयित म्हणून बोलवायचे असेल तर कलम ३५(३) ची लेखी नोटीस मागावी. तोंडी बोलावण्यावर जावेच लागले तर कोणासोबत, किती वाजता गेला हे घरी लिहून ठेवावे. अटक झाली तर तिची कारणे लेखी द्यावी लागतात, आणि हे यूएपीएलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात स्पष्ट केले. फोन घेतला तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा), सिमकार्डे, फोन चालू होता की बंद आणि तो मोहोरबंद केला का, हे आले पाहिजे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचे चित्रीकरण व्हायला हवे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य नोंदवावे लागते. हे मूल्य म्हणजे त्या माहितीचा ठसा: आत एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. म्हणून जप्तीच्या वेळीच ते काढून त्याची नोंद द्यावी, अशी लेखी विनंती करावी. महिन्याभराने प्रयोगशाळेत काढलेले मूल्य मधल्या काळाबद्दल काहीच सांगत नाही. पासवर्ड देण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. त्यामुळे वकिलाशी बोलल्याशिवाय तो देऊ नये, आणि नकार देताना खोटे सांगू नये.

दोषारोपपत्र आले की ऐकलेल्या संभाषणाचा केवळ लेखी उतारा स्वीकारून समाधान मानू नये. मूळ ध्वनिमुद्रण, गृह विभागाचा आदेश, मुदतवाढीचे आदेश आणि समितीचा निष्कर्ष, हे सगळे मागावे. यूएपीएच्या कलम ४६ नुसार आदेशाची प्रत हा त्याचा हक्क आहे. सीडीआरसाठी मात्र दोषारोपपत्राची वाट पाहू नये. यूएपीएत ते यायला एकशे ऐंशी दिवस लागू शकतात, त्यानंतर आरोप निश्चित व्हायला वर्षे जातात, आणि दूरसंचार कंपन्यांवर ही नोंद जपण्याचे बंधन परवान्याच्या अटींनुसार साधारणपणे दोन वर्षांचे आहे. घटनेच्या दिवशी विद्यार्थी वसतिगृहात होता हे त्याचा स्वतःचा फोनच सांगणार असेल, तर खोतकर निकालाचा हवाला देऊन ती नोंद जपून ठेवण्याचा अर्ज पहिल्या रिमांडच्या वेळीच विशेष न्यायालयात दाखल करावा, आणि त्याची पोच घ्यावी.